आपल्याला फाळणी करायची आहे काय?

१ फेब्रुवारी २००५, मंगळवार

निवृत्तीला दोन महिने झाले. छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होतो. आता तपासायला घरात काही उरलेलं नाही. गॅसच्या नळीची मुदत पाहून झाली. गच्चीच्या टाकीचं झाकण पाहून झालं. काल जयाच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या वापराच्या क्रमाने लावून दिल्या. आज सकाळी वाट्या पुन्हा होत्या तिथेच.

संध्याकाळी चैताली कामावरून आली ती म्हणाली, पप्पा, आमच्या ऑफिसात एक माणूस हवाय. अट एकच, त्याने जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नसावा. मी म्हटलं, या अटीत मी पूर्ण बसतो. ती म्हणाली, म्हणूनच विचारतेय.

शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर तिची कंपनी आहे. कंपनी म्हणजे ती आणि मालक सौमित्र. दोघं मिळून मराठीतून चालणारी एक संगणकप्रणाली तयार करताहेत, नाव ‘सोपान’. ती सीडीवर असते. सीडी घालायची की कॉम्प्युटरवर प्रणाली बसते. बसवताना माणूस कुठे अडखळतो ते त्यांना पाहायचंय, आणि अडखळायला मी.

जयाला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली. मे महिन्यात आपण यवतला, गावी, कायमचं राहायला जाणारच आहोत, तोवर वेळ जाईल, असंही सांगितलं. त्यालाही ‘बरं’ म्हणाली. आमच्या घरात मतभेद नसतात.

३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला दिवस. विश्रांतवाडीहून बसने वेळेआधी वीस मिनिटं पोचलो. ऑफिसच्या खाली वैजनाथ शेटे यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. त्यांच्याच बाकावर बसून राहिलो.

सौमित्र तिशीचा मुलगा, दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. वयाने लहान पण पदाने मोठा, म्हणून मी ‘साहेब’ म्हटलं. तो म्हणाला, साहेब नको, काका. शेवटी ‘सौमित्रसाहेब’वर तडजोड झाली. चैताली त्याला नुसतं सौमित्र म्हणते. हे मला पसंत नाही.

सीडी घातली. यंत्राने एकूण एकेचाळीस प्रश्न विचारले. ते चैतालीने ठेवलेत. ज्याचं यंत्र त्याला प्रत्येक गोष्ट ठरवायचा अधिकार हवा, असं तिचं म्हणणं. मराठी एका निवृत्त प्राध्यापकांकडून करून घेतलंय.

सातवा प्रश्न: ‘आपल्याला फाळणी करायची आहे काय?’

मी हात मागे घेतला. असा प्रश्न मला याआधी कोणी विचारला नव्हता, आणि ज्यांना विचारला गेला त्यांनी काय करून ठेवलं ते आपण जाणतो. ‘नाही’ दाबलं. यंत्र म्हणालं, फाळणीशिवाय पुढे जाता येणार नाही. मी चैतालीकडे पाहिलं. तिने सांगितलं, पप्पा, डिस्कचे भाग करायचेत फक्त. मग भाग म्हणा, मी म्हटलं. सौमित्रसाहेबाने वहीत लिहून घेतलं.

पुढे ‘आपले ठिकाण निवडा’. यादीत पुणे नव्हतं. कलकत्ता होतं. सगळा देश कलकत्त्याचंच घड्याळ लावतो असं त्यांनी समजावलं. लावत असेल, पण मी पुण्यात बसून कलकत्ता लिहिणार नाही. खोट्या नोंदीवर मी छत्तीस वर्षांत सही केलेली नाही. तिथे पाऊण तास गेला.

संध्याकाळी साडेपाचला एकविसाव्या प्रश्नावर होतो.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाविसावा: ‘अधीक्षकाचा परवलीचा शब्द द्या.’ अनोळखी यंत्राला परवलीचा शब्द देणं नियमात बसत नाही. जागा रिकामी सोडली. यंत्र म्हणालं, रिकामी चालणार नाही. मीही हटलो नाही. जेवायची सुट्टी झाली, तेवढ्यात चैतालीने स्वतःच एक शब्द भरून टाकला.

दुपारी शेवटचा प्रश्न आला. ‘डिस्कवरील सर्व मजकूर नष्ट होईल. पुढे जायचे?’ मी ‘नाही’ दाबलं. सगळं बंद पडून पहिल्या प्रश्नापासून सुरू झालं. मग परत एकेचाळीस. परत ‘नाही’.

सौमित्रसाहेब म्हणाला, “काका, एकदा तरी होय म्हणा.”

मी म्हटलं, “नष्ट होणार असं लिहिलंय. काय नष्ट होणार ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे असा कागद आला असता तर लिहिणाऱ्याची बदली झाली असती.”

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तरुण मुलांना ताण सहन होत नाही.

९ फेब्रुवारी, बुधवार

एका माणसावरून निष्कर्ष नको म्हणून आज शेजारच्या द्वारकाबाईंना नेलं. वयाने माझ्याएवढ्याच, गुडघे दुखत असताना दोन जिने चढल्या.

पाच प्रश्न नीट गेले. मग आला ‘यजमानाचे नाव लिहा’. हे म्हणे त्या यंत्रालाच द्यायचं नाव असतं, आतल्या लोकांची परिभाषा. द्वारकाबाई पदर सावरून बसल्या. सौमित्रसाहेबाला म्हणाल्या, तुम्ही तोंड तिकडे करा. त्याने केलं. मग त्यांनी चैतालीला टाइप करायला सांगितलं:

काचेच्या पेटीत निळं निळं पाणी,
सुदामरावांचं नाव घेते, मी त्यांची राणी.

यंत्राने उत्तर दिलं, नाव फार लांब आहे, नावात रिकाम्या जागा चालत नाहीत. द्वारकाबाईंना ते लागलं. लग्नात सासरच्यांनीसुद्धा असं म्हटलं नव्हतं म्हणाल्या. त्यांना रिक्षाने परत आणलं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसात आज दोघांचं चांगलंच वाजलं. सौमित्रसाहेबाचं म्हणणं, माणसाला काहीच विचारू नये. लोकांना प्रणाली हवी आहे, परीक्षा नको. एक बटण ठेवावं, ‘सुरू’, बाकी सगळं आपण ठरवावं. चैताली म्हणाली, दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचं सामान लावण्यातला प्रकार आहे हा. तो म्हणाला, सामान लावलेलंच हवं असतं लोकांना. ती म्हणाली, लोकांना म्हणजे तुला.

यामागे एक अडचण आहे. शालन आगाशे म्हणून एक निवृत्त मराठीच्या बाई आहेत. त्यांच्या संस्थेची शहरात बावीस वाचनालयं आहेत, आणि प्रत्येकात कुणीतरी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. बावीसही ठिकाणी ‘सोपान’ घ्यायची त्यांची तयारी आहे. मात्र इंजिनियर येणार नाही, वाचनालयातल्या बाईला स्वतः सीडी घालून ते जमलं पाहिजे. मागे एकदा त्यांनी सीडी नेली होती. फाळणीपर्यंत वाचून परत पाठवली, सोबत एका ओळीची चिठ्ठी: ‘इतिहासात रस नाही.’ आता २२ मार्चला त्या स्वतः येणार. त्यांनी नाही म्हटलं तर कंपनी बंद, आणि चैतालीला बंगळूरची नोकरी पाहावी लागेल.

मालक तो, त्यामुळे एक बटण ठरलं.

जयाला ही सगळी हकीकत सांगितली. माझं मत सौमित्रसाहेबाकडे झुकतं असंही सांगितलं. जबाबदार माणसाने विचार करून ठरवावं, बाकीच्यांना त्रास देऊ नये. यवतच्या खोलीला पत्रे कोणते घालायचे तेही मी असंच ठरवलं. तिने विचारलं, भाजी वाढू का. नको म्हटलं. तिने वाढली.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

एका बटणाची सीडी तयार. सगळ्या सीड्यांवर मी शाईने क्रमांक घालतो, ही चौदावी. माझ्या ताब्यात दिलेली आहे. घातली, ‘सुरू’ दाबलं, एकोणीस मिनिटांत काम संपलं. अडखळायला जागाच नाही. आता माझा उपयोग काय, असं मनात आलं. सौमित्रसाहेब मात्र खूश. म्हणाला, खरं तर बटण तरी कशाला? तीस सेकंद वाट बघून ते आपोआप दाबलं जाईल असं करतो.

२३ फेब्रुवारी, बुधवार

आज फार वाईट घडलं. क्रमाने लिहितो.

सकाळी सौमित्रसाहेब बँकेत, चैताली शालनताईंच्या संस्थेत. मी एकटा. नव्या स्वयंचलित बटणाची सीडी (क्र. १४ सुधारित) माझ्या यंत्रात घातली तर ड्राइव्ह खरखर करू लागला. दोष सीडीचा की ड्राइव्हचा हे ठरवायला कारखान्यात करायचो तेच केलं, तीच वस्तू दुसऱ्या यंत्रात लावून पाहिली. तिथे आवाज नाही. सीडी निर्दोष. समाधान वाटलं. बारा वाजता वीज गेली. खाली वैजनाथरावांकडे चहा घेतला, त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना स्वतःला अजून छापायला वेळ झालेला नाही हे ऐकलं. पाऊण वाजता वीज आली. दीड वाजता सौमित्रसाहेब आला.

त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फुलं होती आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘अभिनंदन! सोपान आपल्या सेवेत हजर आहे.’

आत दुसरं काही नव्हतं. त्याचं सगळं काम, एका बटणाची पूर्ण प्रणाली, त्याच डिस्कवर ठेवलेली तिची प्रत, सगळं पुसून सोपान तिथे बसला होता. ‘सोपान’ने ‘सोपान’ला खाल्लं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ फुलांकडे बघत राहिला. परीक्षेला सत्तावीस दिवस.

हे कुणी केलं ते मी शोधून काढणार आहे. मी तसं त्याला सांगितलं. चौकशीचा अनुभव आहे.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी सुरू. घटनास्थळ पाहिलं. सौमित्रसाहेबाच्या यंत्राच्या ड्राइव्हमध्ये सीडी क्र. १४ सुधारित सापडली. चैतालीने सांगितलं की वीज येताच यंत्र स्वतःहून सुरू होतं, आत सीडी असेल तर आधी तीच वाचतं, आणि ही सीडी तर कोणाला विचारतच नाही. म्हणजे कार्यकारणभाव स्पष्ट आहे. प्रश्न एवढाच, की माझ्या ताब्यातली सीडी तिथे नेली कोणी?

बाहेरच्या माणसाचा हात असावा असा संशय. जिना छापखान्यासमोरूनच जातो, म्हणून वैजनाथरावांची साक्ष घेतली. सकाळपासून कोण कोण वर गेलं? ते म्हणाले, “तुमच्याखेरीज कुणी नाही.” अर्थात साक्षीदाराचं लक्ष कामात होतं.

चैताली माझ्याकडे दोनदा बघून काही बोलणार होती, बोलली नाही. तिलाही कुणाचा तरी संशय आहे असं दिसतं. उद्या विचारतो.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

पुराव्यासाठी परवाच्या घटनाक्रमाची लेखी नोंद हवी होती. ती या वहीत आहे. काढून वाचली.

माझ्याच हस्ताक्षरात आहे. ‘तीच वस्तू दुसऱ्या यंत्रात लावून पाहिली.’ ऑफिसात यंत्रं तीन. चैतालीचं यंत्र भिंतीकडच्या कोपऱ्यात, त्याला ड्राइव्हच नाही. समाधान वाटलं असंही लिहिलंय.

छत्तीस वर्षांत माझ्या हातून एक नळकांडं पडलं नाही.

दहा वाजता लेखी खुलासा घेऊन सौमित्रसाहेबासमोर उभा राहिलो. दीड पान होतं, त्याने सगळं वाचलं. चैतालीच्या नोकरीवर याचा परिणाम होऊ नये ही शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली असावी, कारण नजर तिथेच थांबली होती. मग म्हणाला, “काका, तुम्हाला दोष शोधायला ठेवलं होतं. सापडला की.”

मी म्हटलं, मी यायचं बंद करतो. तो म्हणाला, बंद कसं कराल, आता तर खरं कळलं. एक बटण केलं ते मी, आणि तेही दाबायला माणूस नको असं ठरवलं तेही मी. एकदा जरी विचारलं असतं तर ते यंत्र रिकाम्या खोलीत वाट बघत बसलं असतं.

चैताली हेच दोन आठवडे सांगत होती. आज ते बोलून दाखवायची संधी होती. ती उठून खाली गेली आणि तीन चहा घेऊन आली.

तिच्या कोपऱ्यातल्या यंत्रावर जुनी, एकेचाळीस प्रश्नांची आवृत्ती शिल्लक आहे. तिच्यावरून परत उभं करायचं.

२७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात जाऊन आलो. वंदना झाल्यावर सगळे बोलत उभे होते, मी लवकर निघालो.

घरी जयाला खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, तुम्ही चांगल्यासाठीच केलं असणार. मी म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, चांगल्यासाठी करतानाच माणूस विचारायचं विसरतो. यंत्राबद्दल बोलत होती.

१ मार्च, मंगळवार

आज एक मोठी गोष्ट कळली, तीही छापखान्यात.

वर दोघांची पुन्हा वादावादी चालली होती. आता भांडण आकड्यावर आलंय. सौमित्रसाहेब पाच प्रश्नांवर तयार आहे, चैताली वीसच्या खाली येत नाही. मी खाली बाकावर येऊन बसलो. एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आले होते. वैजनाथरावांनी त्यांना दोन्ही घरची नावं, तारीख आणि कार्यालय एवढंच विचारलं. दहा मिनिटांत एक पूर्ण पत्रिका जुळवून त्यांच्या हातात दिली. गृहस्थ चष्मा लावून सरसावले. इथे ‘सौ.’ राहिलं, मामांचं नाव वर घ्या, गणपती जरा लहान करा. दोन मिनिटांत संपलं, आनंदाने गेले.

मी विचारलं, मजकूर काय, अक्षर कुठलं, कागद कुठला, हे त्यांना आधी का विचारलं नाही?

“कोरा कागद समोर ठेवून विचारलं तर माणूस घाबरतो,” वैजनाथराव म्हणाले. “मग घरी जाऊन बायकोला विचारतो म्हणतो आणि परत येत नाही. त्यापेक्षा मी भरलेलं प्रूफ देतो. चुका काढायला पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही.”

“आणि सगळंच तुम्ही ठरवून छापलं तर?”

“प्रूफावर सही घेतल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही. छापलेलं परत कोरं होत नाही.”

मी जिना चढून गेलो आणि दोघांना हे जसंच्या तसं सांगितलं. दोघं एकदमच बोलायला लागले, पण या वेळी एकाच बाजूने.

८ मार्च, मंगळवार

नवी रचना अशी. सीडी घातली की यंत्र स्वतः सगळं पाहून एक पान भरून दाखवतं. भाषा मराठी, ठिकाण पुणे (हे मी धसास लावून घेतलं. आतमध्ये कलकत्ताच आहे म्हणे, पण ते आतमध्ये), यंत्राचं नाव अमुक. ज्याला जे बदलायचं त्याने त्या ओळीवर जाऊन बदलावं, नसेल तर राहू द्यावं. चैतालीचे बाकीचे सगळे पर्याय एका ‘आणखी’ नावाच्या कप्प्यात आहेत, मोडलेले नाहीत. एक परवलीचा शब्द ज्याचा त्याने ठरवायचा, त्याचं कारणही तिथेच लिहिलंय, त्यामुळे माझी हरकत संपली.

खरा प्रश्न एकच, शेवटी. तो लिहायचं काम माझ्याकडे दिलं. चार दिवस लागले.

‘या कॉम्प्युटरमध्ये आधी ठेवलेलं सगळं, पत्रं, फोटो, याद्या, कायमचं पुसलं जाईल. परत आणता येणार नाही. पुसू का?’

याला कितीही वेळ लागला तरी यंत्र थांबतं. सौमित्रसाहेबाने तपासायला म्हणून सबंध शनिवार-रविवार तसंच ठेवलं. सोमवारी सकाळीही ते थांबलेलंच होतं.

१२ मार्च, शनिवार

नव्या प्रणालीला नवा अडाणी हवा. मी आता कामाचा राहिलो नाही, मला सगळं येतं. द्वारकाबाई येत नाहीत म्हणाल्या. चैताली म्हणाली, आईला आणू. मी म्हटलं, तिला कुठे यातलं काही. तीच तर अट होती, हे नंतर लक्षात आलं.

जया यंत्रासमोर बसली. आम्ही तिघं मागे. मी मदत करायला पुढे झालो तर सौमित्रसाहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिने पान सावकाश वाचलं. ओठ हलत होते. यंत्राचं नाव ‘सोपान-१’ असं होतं, ते तिने बदललं. एकेक अक्षर शोधत ‘शेवंती’ लिहिलं. का ते मला माहीत नाही. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ ताठ होती.

मग माझा प्रश्न आला. तिने दोनदा वाचला, आणि ‘नाही’ दाबलं.

पडद्यावर आलं: ‘ठीक आहे. काहीही पुसलेलं नाही.’ आणि ते पान परत आलं, शेवंतीसकट. ती थोडा वेळ बघत राहिली. पुन्हा पुढे गेली, पुन्हा ‘नाही’. पुन्हा ‘ठीक आहे’. असं पाच वेळा केलं. मला वाटलं, तिला कळत नाहीये.

“आई, काही अडलंय का?” चैतालीने विचारलं.

“अडलं नाही गं,” जया म्हणाली. “नाही म्हटलं तरी रागावत नाही हे.”

सहाव्या वेळी तिने ‘होय’ दाबलं. बावीस मिनिटांत शेवंती सुरू झाली. सौमित्रसाहेब टाळ्या वाजवत होता. चैताली तोंड धुवायला गेली. चाचणी यशस्वी.

१३ मार्च, रविवार

दुपारी जेवताना जया म्हणाली, “मी यवतला येणार नाही.”

मला वाटलं, पुढच्या रविवारी पत्रे बघायला जायचं त्याबद्दल बोलते आहे. ती म्हणाली, कधीच नाही. इथे माझी माणसं आहेत, तिथे तुमचा भाऊ आहे. मी विचारलं, हे तू कधी ठरवलंस? म्हणाली, अठ्ठ्याण्णव साली, तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा.

सात वर्षांत अशी हरकत माझ्यापर्यंत आलेली नाही. मी म्हटलं, तू तर ‘बरं’ म्हणत होतीस. ती म्हणाली, तुम्ही विचारत कुठे होता, सांगत होता. सांगितल्यावर बरंच म्हणतात.

मी रागावणार होतो. कालचं यंत्र आठवलं. पानात आमटी होती ती निवत चालली होती. मी म्हटलं, ठीक आहे.

पत्र्यांची ऑर्डर उद्या रद्द करतो.

२२ मार्च, मंगळवार

शालनताई अकराला म्हणजे अकराला आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत लाल शाईचं पेन. आम्हा तिघांना दाराबाहेर उभं केलं. मदत करायची झाली तर खोकलासुद्धा चालणार नाही म्हणाल्या.

सीडी घातली. पान आलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पहिलं वाक्य बोलल्या, “‘पूर्ण’मधला ‘पू’ दीर्घ.” मी दाराच्या फटीतून पाहिलं. तो ऱ्हस्व होता. दोन आठवड्यांत आम्हा कुणाला दिसला नव्हता. सौमित्रसाहेबाने डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी आणखी चार चुका काढल्या, प्रत्येक ओळीवर थांबून, आणि मला जाणवलं की बाई अडखळत नाहीयेत, रमल्या आहेत. वैजनाथरावांचं म्हणणं तंतोतंत खरं.

शेवटच्या प्रश्नाला त्या थांबल्या. दार उघडून विचारलं, हे कुणी लिहिलं? मी पुढे झालो. मनात खुलाशाची तयारी केली.

“यात चूक नाही,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

चौतीस मिनिटं लागली, त्यातली अकरा शुद्धलेखनाची. बाहेर येऊन म्हणाल्या, “चालेल.” सौमित्रसाहेब विचारत होता, म्हणजे आवडलं का? चैतालीने त्याला गप्प केलं. ती विश्रांतवाडीत वाढली, पण पेठेतलं ‘चालेल’ तिला त्याच्याहून चांगलं कळतं.

बावीस वाचनालयांचं पत्र जागच्या जागी सही करून दिलं. जाताना त्यांनी विचारलं, याआधी कुणा बाईने हे स्वतः करून पाहिलंय का? चैतालीने जयाचं नाव सांगितलं. त्यांनी लाल पेनाने पत्ता लिहून घेतला. कशाला ते मी विचारलं नाही. आभाराचं पत्र पाठवणार असतील.

३० मार्च, बुधवार

डबा मिळाला नाही. पोळीभाजी झाकून ठेवलेली होती, शेजारी रिकामा डबा. आपला आपण भरून घ्यावा असा अर्थ निघतो. जया घरात नव्हती. द्वारकाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नाही? आणि हसायला लागल्या.

४ एप्रिल, सोमवार

आळंदी रस्त्यावरच्या वाचनालयात ‘सोपान’ नीट चालतो का ते बघायला सौमित्रसाहेबाने मला पाठवलं. दुसरं कुणी जाऊ शकलं असतं. चैताली म्हणाली, नको, पप्पाच जाऊ देत.

आत गेलो. टेबलामागे जया बसली होती. निळी साडी, केसांना पिन, समोर कॉम्प्युटर, बाजूला परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. मागच्या बुधवारी ती काम बघायला इथेच आली होती, आज तिचा पहिला दिवस होता. शालनताईंनी बोलावून घेतलं, तिने होय म्हटलं, आणि हे सगळं ठरून आठवडा झाला होता. घरात मला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

दोन मुली माझ्याआधी होत्या. तिने त्यांची पुस्तकं नोंदवली, एकीला उशिरा आणल्याबद्दल बोललीसुद्धा. मग माझा नंबर आला. तिने वर पाहिलं. ओळख दाखवली नाही, म्हणजे दाखवली, पण टेबलाच्या पलीकडूनच.

“आपल्याला काय हवंय?” तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. सोपानची तपासणी करायला आलोय, असं सांगायचं होतं. पण तिने काय हवंय ते विचारलं होतं, आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी हे मला असं समोर बसून, उत्तराची वाट बघत, तिने कधी विचारलेलं नव्हतं. मीही तिला नव्हतं. मी कपाटांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मला खरंच काही सुचेना. मागे एक म्हातारे गृहस्थ घसा खाकरत होते.

जयाने समोरची खुर्ची दाखवली.

“बसा,” ती म्हणाली. “ठरलं की सांगा. सहापर्यंत उघडं असतं.”

मी बसलो.